अक्का आणि तिचा शाहीर

अक्का गेल्याचा फोन मधूनं केला. मी संगमनेरच्या बाजारात मेथीच्या जुड्या बघत होते. "अक्का गेली," एवढंच तो म्हणाला. त्यानं फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही... मधू आमचा धाकटा भाऊ. एके काळी याच अक्काच्या दारावरून जाताना तो मान फिरवून जायचा. दुपारी देवळाली प्रवरेला पोचले तर वस्तीच्या तोंडाशीच श्रद्धांजलीचा फलक लागलेला. अक्काचा चष्म्यातला फोटो आणि खाली ओळ, 'शाहीर रखमाजींच्या गाण्याच्या निस्सीम चाहत्या'. पोरांनी मनापासून लावला होता, त्यांचा काय दोष? पण ती ओळ वाचल्यापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. महिना उलटून गेला तरी नाही. ज्या नावापायी याच वस्तीनं तिच्याशी बोलणं टाकलं होतं, तेच नाव आता तिच्या फोटोखाली मिरवत होतं. मधल्या काळात काय घडलं ते नव्या पोरांना ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे ते बोलत नाहीत. म्हणून हे लिहायला बसले.

तिचं नाव अनसूया. माझ्याहून बरीच मोठी. आमच्या भागात धर्मांतर झालं तेव्हा ती परकर-पोलक्यातली मुलगी होती. वडिलांनी घरातले देव टोपलीत घालून प्रवरेत सोडले. भिंतीतला कोनाडा रिकामा झाला आणि आई बावरली. तिन्हीसांजेला सवयीनं दिवा लावायला उठायची आणि मधेच थांबायची. त्याच दिवसांत शाहीर रखमाजी आपला जलसा घेऊन वस्तीत आले. बैलगाडी हाच मंच. हातात डफ, मागे तुणतुणं, आणि आवाज असा की पलीकडच्या मळ्यातली माणसं बांधावर येऊन उभी राहिली. त्यांनी स्वतः रचलेलं पाण्याचं गाणं म्हटलं, 'पानी इचारीना जात, मग तू रं कोन?' आमच्या बायका विहिरीजवळ घागरी घेऊन ताटकळत उभ्या राहायच्या, कुणी वरून पाणी ओतील म्हणून. त्या ओळीला आई पदर तोंडाशी धरून रडली. अक्का पुढे सांगायची, "त्या दिसापून आई दिव्यासाठी उठली की म्या ते गानं धरायची. मग ती थांबत न्हवती, सरळ चुलीकडं जायाची."

अक्काचा आवाज गोड नव्हता. जरा जाडच होता, पण तो कुठं हलायचा नाही. लग्न होऊन ती गावातच राहिली. दाजी साखर कारखान्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते. दर जयंतीला विहारात बायकांची गाणी होत आणि पुढे अक्का असे. गाण्याआधी ती एकदा सगळ्यांकडे बघायची आणि म्हणायची, "हे गानं शाहीर रखमाजींचं." मगच सुरुवात. शाहिरांशी तिची ओळख नव्हती, बोलणं नव्हतं. तरी तेवढ्या जिव्हाळ्यानं ते नाव घेतलेलं काही बायकांना तेव्हाही खुपायचं, हे मला आठवतं.

मग एकाहत्तर-बाहत्तरच्या निवडणुका आल्या. चळवळ तोवर गटातटांत फुटली होती. एका बाजारच्या दिवशी राहुरीला सत्ताधाऱ्यांची सभा होती आणि तिथल्या मंचावर डफ घेऊन उभे होते शाहीर रखमाजी. शेकडो एकर ऊस असलेल्या एका उमेदवाराचं कौतुक गात होते. तेवढंच असतं तरी लोकांनी गिळलं असतं. पण चाल पाण्याच्या गाण्याची होती! जिथं 'मग तू रं कोन' यायचं, तिथं उमेदवाराचं नाव येत होतं. आमची माणसं बाजाराच्या पिशव्या हातात घेऊन ऐकत राहिली.  दोन दिवसांत वस्तीत एकच शब्द फिरू लागला... विकला गेला.

मधू तेव्हा श्रीरामपूरच्या कॉलेजात होता. त्याच्या वयाच्या पोरांच्या अंगात आग होती आणि ती खोटी नव्हती. त्यांनी विहारात बैठक बोलावली. शाहिराला यापुढे वस्तीत पाऊल टाकू द्यायचं नाही, असं ठरलं. मग गाण्याचा विषय निघाला. बायका म्हणाल्या, पाण्याचं गाणं कसं सोडायचं? तेव्हा मधूनंच तोड काढली. अक्काकडे वळून म्हणाला, "अक्का, गानं म्हन. फकस्त त्याचं नाव घेऊ नगस. गानं आता समाजाचं हाय."

मला ते पटलं. मी नगरला नर्सिंग शिकत होते आणि सुट्टीला आले होते. मी अक्काला खुणेनं म्हटलंसुद्धा, हो म्हण. अक्का उभी राहिली. "न्हाई रं मधू. गानं त्यानंच केलंय. त्याचं गानं घ्यायचं आन त्यालाच दाराभायेर काढायचं, ह्याला काय म्हनायचं? नाव घ्यायचं नसंल तर म्या गानार न्हाई."

"त्यानं आपल्याला इकलं, अक्का!"

"इकलं. मला बी राग हाय. पन गानं त्याचंच हाय."

कुणीतरी मागून हसलं आणि म्हणालं, "शाहिराचा लईच कळवळा हाय बाईला." त्या हसण्यानं पुढचं सगळं सुरू झालं. लग्न झालेली बाई एका परक्या, बदनाम पुरुषाचं नाव सोडायला तयार नाही, म्हणजे गाण्यापेक्षा आणखी काही असणार. विहारातलं तिचं गाणं बंद झालं. नळावर ती आली की बायका बोलायच्या थांबत. दाजी भला माणूस, पण तेही अवघडले. एकदा जेवता जेवता म्हणाले, "लोक बोलत्यात. एका नावासाठी एवढं काय हाय?" अक्कानं त्यांच्या ताटात कालवण वाढलं आणि शांतपणे विचारलं, "तुमाला काय वाटतं, त्ये सांगा. लोकाचं म्या रोज ऐकती." दाजींनी मान खाली घालून जेवण संपवलं. पण पुढे कुणी त्यांच्यासमोर विषय काढला की ते उठून जात.

बाहत्तरचा दुष्काळ पडला. कारखान्याचं गाळप आटपलं, विहिरींचे तळ दिसले. गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं आणि सगळं गाव तिथं खडी फोडायला आणि माती वाहायला जाऊ लागलं. आमच्या वस्तीतल्या बायका, आणि डोईवरचा पदर तोंडावर ओढून बसणाऱ्या, कधी दुसऱ्याच्या कामावर न गेलेल्या बागायतदारांच्या सुनाही. पाण्याचं पिंप एकच होतं. पहिले काही दिवस त्या सुना लांबूनच ओंजळ धरायच्या. नंतर उन्हानं ते आपोआप संपवलं. हातोडीच्या ठेक्यावर अक्का नकळत गुणगुणायला लागली. शेजारची एक सून म्हणाली, "मोठ्यानं म्हना की वो, हात चालतो." अक्का म्हणाली, "शाहीर रखमाजींचं हाय." त्या बाईला ना शाहीर ठाऊक, ना भांडण. "कुनाचं का असंना, म्हना," म्हणाली. अक्का किती दिवसांनी मोकळी गायली असेल... हे ती मला नंतर सांगत होती तेव्हा तिच्या बोटांना खडीच्या चिरा पडल्या होत्या आणि ती हसत होती.

मग एक दिवस काम बघायला मोठे पाहुणे येणार म्हणून मांडव पडला. मी त्या दिवशी गावात होते, अक्काबरोबर कामावर गेले होते. पाहुण्यांच्या जीपमागच्या गाडीतून शाहीर उतरले. मी त्यांना कितीतरी वर्षांनी बघत होते. वाळले होते. फेटा तेवढा मोठा. भाषणांआधी त्यांनी डफ वाजवला आणि तीच चाल धरली, शब्द सरकारच्या तलावाचे. खडीच्या ढिगांवर बसलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. हे तर आपलं गाणं!

अक्का उठली. मी तिचं लुगडं धरलं, तिनं सोडवून घेतलं. पुढं जाऊन ती म्हणाली, "शाहीर, मूळचं गानं म्हना."

डफ थांबला. मांडवातली माणसं वळून बघू लागली. शाहिरांनी तिच्याकडे बघितलं, मग पाहुण्यांकडे. हलक्या आवाजात म्हणाले, "आता नगं, बाई."

"मग म्या म्हनू?"

त्यांनी डफ खाली घेतला. अक्का बायकांकडे वळली, नेहमीसारखं एकदा सगळीकडे बघितलं. "हे गानं शाहीर रखमाजींचं," म्हणाली आणि त्यांच्यासमोर त्यांचं गाणं सुरू केलं. दुसऱ्या ओळीला बायकांनी उचललं. मुकादम धावत आला, कुणीतरी त्याला मागे ओढलं. दाजी होते ते. कारखान्याचं काम बंद असल्यानं तेही तिथं माती वाहत होते. शाहीर मान खाली घालून उभे होते. त्यांचा म्हातारा तुणतुणेवाला मात्र अंगवळणी पडल्यासारखा तार छेडत होता. आपण कुणाच्या बाजूनं वाजवतोय याचं त्याला भान नसावं.

संध्याकाळी मधू आणि त्याची पोरं अक्काच्या दारात आली. किती दिवसांनी! "अक्का, आज तू त्याला उघडं पाडलंस," मधू उंबऱ्यावर बसत म्हणाला. मला वाटलं, मिटलं सगळं. अक्का भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "उघडं पाडाया न्हवते गेले. त्याचं गानं त्यो इसरला हुता, त्ये आठवून द्याया गेल्ते." मधूचा चेहरा उतरला. पोरं आली तशी निघून गेली. मी तिच्यावर चिडले. म्हटलं, एक शब्द गिळला असतास तर तुझा भाऊ परत आला असता. ती म्हणाली, "खोटं बोलून?" आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.

थोड्या दिवसांनी शाहीर तिच्या घरी आले. भर दुपारी, एकटे, बेलापूरकडून एसटीनं. वस्तीतली दारं एकेक करून लागली. दाजींनी घोंगडी टाकली, अक्कानं काळा चहा केला. मी चौकटीशी बसले होते. शाहीर म्हणाले, "ह्या गटाकडं गायलो तर तो गट दगड मारतो, त्याच्याकडं गायलो तर ह्यो. मला गायल्याबिगर ऱ्हाता येत न्हाई, बाई. ज्यानं मंच दिला तिथं गेलो."

अक्का म्हणाली, "तुमी चुकलात."

"व्हय," ते म्हणाले.

त्यांनी चहा संपवून कप खाली ठेवला. मग अक्का म्हणाली, "आता म्हना. हितं कुनी पाव्हनं न्हाईत." त्यांनी डफ आणला नव्हता. मांडीवर बोटं वाजवत, बसलेल्या आवाजात त्यांनी सगळं गाणं म्हटलं, मूळच्या शब्दांनी. अक्का भिंतीला टेकून ऐकत होती. तिचा तेव्हाचा चेहरा मला धड सांगता येणार नाही. आनंद होता, पण सुटल्यासारखा नव्हता. ते गेले आणि घटकाभरानं पत्र्यावर दगड पडला. पुढची कैक वर्षं मधूनं तिच्या घरात पाऊल टाकलं नाही. आई गेली तेव्हा दोघं एकाच चितेपाशी उभे राहिले, तेही न बोलता.

शाहीर पुढे लवकरच वारले. कुठल्याच गटानं शोकसभा घेतली नाही, आणि ज्यांच्या मंचावर ते गायले त्यांनीही नाही. मग काळ गेला, माणसं विसरली. आणि विसरल्यावर शाहीर त्यांना पुन्हा आवडू लागले! अलीकडे विहाराची पक्की इमारत झाली, तेव्हा नव्या पोरांनी शाहिरांचा फोटो लावायचं ठरवलं. हार घालायला बोलावलं मधूला, आता तोच वस्तीतला जुनाजाणता. अक्का पहिल्या रांगेत खुर्चीवर. भाषणांमागून भाषणं झाली. शाहीर कधी झुकले नाहीत, कधी कुणाच्या दारी गेले नाहीत, असं सगळे सांगत होते. अक्का काठी टेकून उठली. "ह्यो खोटा शाहीर कुठला आनलात?" म्हणाली. "माझा शाहीर चुकल्ता. राहुरीला त्यानं हेच गानं इकलं. त्ये बी सांगा पोरांना." सभा गार झाली. मधू कानाशी वाकून म्हणाला, "अक्का, आजच्या दिवशी नगं." ती त्याच्याकडे बघून एवढंच म्हणाली, "तुमा सगळ्यांचं आपलं, नगं." त्या दिवशीही काही लोक पुटपुटले, म्हातारीला शाहिराचं बरं बघवत नाही. ज्याच्यावर प्रेम केलं म्हणून बोल खाल्ले, त्याच्याच द्वेषाचा बोल तिनं शेवटी ऐकला. पण त्या संध्याकाळी मधू तिला हात धरून घरापर्यंत सोडायला गेला आणि आत जाऊन चहा पिऊन आला.

परवा मी तिचं घर आवरायला गेले होते. तिची खोली अजून तिच्या शिस्तीत आहे. खाटेवरची वाकळ घडी घातलेली, खिडकी उघडी. दुपारची ती खिडकीशी बसून गुणगुणायची, भाजी निवडताना, काहीच न करतानाही. शेजारची नवी सून धुणं वाळत घालत होती. मला बघून खिडकीशी आली. "मावशी, आक्का रोज गायच्या त्ये गानं कुनाचं वो? मला तोंडपाठ झालंय." मी तिला आत बोलावलं आणि सांगितलं. नाव सांगितलं, बैलगाडी सांगितली, राहुरी सांगितली, पाझर तलाव सांगितला. तिचं धुणं तसंच राहिलं. सगळं ऐकून तिनं विचारलं, "मंग त्यो मानूस चांगला हुता का वाईट?"

 जन्मभर मी या माणसावरून अक्काशी भांडले, तिची समजूत घातली, तिच्यासाठी दुसऱ्यांशीही भांडले. पण हा एवढा साधा प्रश्न मी अक्काला कधी विचारलाच नव्हता... ती पोर वाट बघत उभी होती. मग तिनं स्वतःशीच मान हलवली, दोरीपाशी परत गेली, आणि ओला कपडा झटकता झटकता गायला लागली.