टीव्हीतल्या मुंग्या आणि चाचांचे लूम

या गोष्टीचा राग माझा अजून उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

माझं माहेर कामतघरला, चाळीत. लग्न होऊन मी अंबाडीला गेले, तरी आठवड्यातून एक फेरी असतेच. घराची मागची भिंत आणि चाचांच्या कापड विणायच्या पॉवरलूमच्या कारखान्याची भिंत एकच. चाचा म्हणजे कारखान्याचे मालक. कोकणी मुसलमान, बाबांच्याच वयाचे. बाबा जन्मभर लूमवर राबले, पण दुसऱ्यांच्या कारखान्यात, त्यामुळे या दोघांत मालक-नोकर असं काही नव्हतं. बाबा त्यांना शेठ म्हणत, ते बाबांना भाऊ.

लूम चालू असले की आमच्या टीव्हीत आडव्या रेघा पळायच्या आणि बातम्या देणारी बाई पाण्यात बुडाल्यासारखी हलायची. टीव्ही जुना, पत्र्यावर अँटेना, त्यावर सरकारी चॅनेल तेवढं दिसायचं. बाबांना दुसरं काही नकोच होतं. संध्याकाळच्या मराठी बातम्या चुकल्या तर त्यांना जेवण गोड लागत नसे.

मी शाळेत असतानाच या दोघांनी आपसात ठरवून टाकलं. बातम्यांच्या वेळी भिंतीलगतची लूमची रांग बंद ठेवायची. तेवढ्यात कामगार तेलपाणी करत, चहा पीत. कारखान्यात त्याला ‘न्यूज की छुट्टी’ म्हणायचे. चाचा बऱ्याचदा आमच्याकडेच येऊन बसत. दोघं मिळून पुढाऱ्यांना मनसोक्त शिव्या घालत आणि बातम्या संपल्या की चाचा भिंतीवर थाप मारत. की पलीकडे खडखड सुरू. असा शेजार मला पुन्हा कुठे दिसला नाही.

काही वर्षांपूर्वी चाचांनी त्या रांगेतले जुने लूम भंगारात घातले आणि नवे आणले. त्याच आठवड्यात आमच्या टीव्हीतलं चित्र गेलं. नुसत्या मुंग्या. बाबांनी अँटेना फिरवली, वायर बदलली, टीव्हीच्या पाठीत दोन धपाटे घातले. मग म्हणाले, “नव्या मोटारी हायत ना, त्या ओढतात सगळं.”

लूमवाल्या माणसाला काहीही बिघडलं की आधी लूमच दिसतो. चाचा म्हणाले, “भाऊ, रांग बंद हाय. हात लावून बघ.” बाबांनी जाऊन हात लावला. मोटार गरम. “गरम हाय ना? मग गरम हाय तवर ओढणारच.” तरी चाचांनी दुसऱ्या दिवशी दुपारपासूनच रांग बंद ठेवली. मोटारी गार पडल्या, मुंग्या काही हलल्या नाहीत. बाबांनी ठरवून टाकलं की त्यामागची दुसरी रांग चोरून चालू असणार. पैसा आला की माणूस शब्द विसरतो, असं ते सगळ्या चाळीला ऐकवत सुटले.

बोलणं बंद झालं. बाबा तेवढ्यावर थांबले असते तरी बरं. बाबांनी वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला, राहत्या घरांना लागून लूम आहेत, त्रास होतो म्हणून. माणसं आली, पाहणी झाली आणि चाचांना ती अख्खी रांग उचलावी लागली. त्या लूमवरचे कामगार दुसरीकडे काम शोधत गेले. भिंतीपलीकडे शांतता, आणि टीव्हीत मुंग्या तशाच. “आता मुद्दाम करतोय,” बाबा म्हणाले. “पत्र्यावर कायतरी बसवलंय त्याने.”

गेल्या दिवाळीत माझ्या धाकट्या भावाने घरात नवा टीव्ही आणला, वर डिशची छत्री बसवली. तो मानकोलीच्या गोदामात सुपरवायझर आहे, मोबाइल हातातून सुटत नाही. भाऊबीजेला मी गेले तेव्हा बाबा खुशीत बातम्या बघत होते आणि हा त्यांना चिडवत होता. “आपल्या टॅक्समधून हे सरकारी चॅनेल कशाला पोसायचं? बघतं कोण? ज्याला बघायचंय तो पैसे भरून बघेल.”

बाबा म्हणाले, “यष्टी रिकामी जाते म्हणून गावची गाडी बंद करायची काय? ज्याच्याकडं भरायला न्हाय, त्याच्यासाठीच असतं ते. बाकीचे सोडतील, सरकार आपल्याला सोडणार न्हाय.”

भाऊ हसला. “सोडलं की केव्हाच. अँटेनाला चित्र पाठवणारा टॉवरच बंद करून टाकला त्यांनी. छत्री घ्या, नाहीतर मोबाइलवर बघा. मी तेव्हाच वाचलं होतं.”

“कवा?”

“तू चाचांशी भांडलास ना, तेव्हा.”

बाबांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. मी भावाला म्हटलं, “तुला माहीत होतं? आणि तू मिठाची गुळणी धरून बसलास?”

“बरंच झालं ना, ताई. जाणं-येणं तुटलं. तुझ्या बाबांचं त्या लोकांत एवढं काय असतं, असं बाहेर लोक मला विचारायचे.”

नुकतंच ओवाळलं होतं म्हणून, नाहीतर त्याच्या कानाखाली जाळ काढला असता. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आम्ही, आणि हा शेजारी बसून बघत होता. त्या चॅनेलचा तर मला वेगळाच संताप आला. भाऊ म्हणाला, बंद होण्याआधी पडद्यावर खाली सूचनेची पट्टी फिरवली होती. आमच्या टीव्हीची खालची बाजू काळी पडून जमाना झाला होता. बाबांनी जन्मभर ज्यांच्या बातम्या खऱ्या मानल्या, त्यांनी स्वतः निघून जाताना या म्हाताऱ्याला कळेल असं काही केलं नाही. आणि वर माझ्या भावाला वाटतं, असल्या चॅनेलला पैसा द्यायचा नाही म्हणजे झालं. अरे, पैसा द्यायचा आणि मग कॉलर धरून विचारायचं, आमच्या घरी का येत नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, “चल माझ्याबरोबर.” चाचा कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. बाबा उभ्या उभ्याच म्हणाले, “शेठ, टॉवर बंद झाला होता. तुझा काय दोष नव्हता.”

“म्हायती हाय मला,” चाचा म्हणाले. “पाहणी झाली त्याच आठवड्यात पुतण्याने सांगितलं.”

“मग मला का न्हाय सांगितलंस?”

“आलो होतो सांगायला. रांग उचलायच्या आधी. तुझ्या पोराने दारातूनच परत पाठवलं. बोलला, बाबांना तुमचं तोंड बघायचं न्हाय.”

बाबांचा हात माझ्या खांद्यावर होता, तो जड झाला. “मी असं बोललो न्हाय, शेठ. आईशप्पथ. आणि तू मानलंस?”

चाचांनी बाबांकडे नीट बघितलं. आवाजात राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं.

“का न मानू? अर्जावर सही तर तुझीच होती.”