मुलीसाठी विचारलेला सल्ला

मानसशास्त्रात एम.ए. करून मी उरवड्याच्या एका कारखान्यात एचआरला लागले. गेटवर सुरक्षारक्षक म्हणून एक बाई असायच्या. कामावर येणाऱ्या बायकांच्या पिशव्या तपासताना त्यांचा हात पिशवीत असायचा, पण नजर चेहऱ्यावर.

एकदा, मूल दवाखान्यात म्हणून चार दिवस न आलेल्या एका कामगार बाईला मी रजेचा अर्ज नाही म्हणून परत पाठवलं. ती गेटपाशी जाऊन रडायला लागली. सुरक्षारक्षक बाईंनी तिला आपल्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि त्या काही न विचारता तिच्याजवळ उभ्या राहिल्या.

संध्याकाळी मी घरी निघाले, तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"म्याडम, माझी पोरगी मानसशास्त्र घ्यायचं म्हणतीया. तुमी त्येच शिकलाय ना? पुढं काय काम मिळतं?"

"माझ्यासारखं," मी सहज म्हणाले.

त्या जरा घुटमळल्या. "मग न्हाई जमायचं तिला. तिला माणसांचं ऐकून घ्यायचं हाय."

त्यांनी टोमणा मारला असता, तर मला राग तरी आला असता. दुसऱ्या दिवशी मी फोन करून त्या कामगार बाईला कामावर बोलावलं. पण गेटमधून आत जाताना मला मान वर करवली नाही.