थांब, सोपं आहे

येलहंकाच्या क्वार्टर्समध्ये भाग्यलक्ष्मीच्या नवऱ्याचं फार कौतुक होतं. कारखान्यातून दमून यायचा, चहा घ्यायचा आणि बायकोला पदार्थविज्ञान शिकवायला बसायचा. शेजारची शारदक्का म्हणायची, "नशीब काढलंस गं, भाग्या!" असल्या नवऱ्याची तक्रार करायची तरी कुणाकडे?

भाग्यलक्ष्मी निपाणीची. लग्न झालं तेव्हा बी.एस्सी.चा पदार्थविज्ञानाचा पेपर तेवढा राहिला होता, तो काही केल्या सुटेना. दोनदा आपटली. यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका प्रियदर्शनीबाईंनी सांगून ठेवलं होतं, पास झालीस तर जूनपासून प्रयोगशाळा तुझ्या ताब्यात. त्या खोलीची किल्ली आपल्या कमरेला असेल, या नुसत्या विचारानं तिला झोप लागत नव्हती.

नवरा बिंदुमाधव पुण्यात शिकलेला इंजिनिअर. मनाचा खरोखर चांगला, आणि हेच तर दुखणं होतं. पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. 'कॉन्स्टंट व्हेलॉसिटी'ला तिच्या मराठी शाळेत 'स्थिर वेग' म्हणत. गाडी स्थिर, म्हणजे उभी, असं धरून तिनं कापलेलं अंतर शून्य लिहिलं. बिंदुमाधवची हसून मुरकुंडी वळली. पुढे आल्यागेल्याला तो हा किस्सा सांगू लागला, "आमच्याकडे धावणारी गाडीसुद्धा उभी असते हं!" तीही हसायची. काय करणार? तेव्हापासून पेन्सिल त्याच्याच हातात राहिली. तिनं वाक्य पुरतं वाचायच्या आत तो म्हणायचा, "थांब, सोपं आहे," आणि बघता बघता कागद भरून जायचा.

चुंबकत्वात तर कहर झाला. डाव्या हाताच्या नियमासाठी तो तिची बोटं स्वतः धरून जागेवर बसवायचा. तर्जनी चुंबकीय क्षेत्राकडे, मधलं बोट विजेच्या प्रवाहाकडे. "हं, आता अंगठा बघ. बल तिकडे. समजलं?" ती म्हणायची, समजलं.

एकदा देवनहळ्ळीच्या बसमध्ये तिला आपलं आपण काहीतरी सुचलं. रस्ता सरळ, बस एकसारखी चाललेली, मांडीवरच्या बाटलीतलं पाणी जवळजवळ हलतच नव्हतं. ती हरखून गेली.

"अहो, बस एका वेगानं चालली की आत सगळं उभं असल्यागतच की ओ! मग माझं 'स्थिर' अगदीच काय चुकलं नव्हतं. खरं..."

निपाणीकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात. तिला पुढं विचारायचं होतं.

"एक्झाममध्ये हे विचारत नाहीत गं. फॉर्म्युले पाठ आहेत ना?" त्यानं मायेनं तिच्या डोक्यावर टपली मारली. तिचा प्रश्न तोंडातल्या तोंडात राहिला.

परीक्षेत तापलेला तांब्याचा गोळा थंड पाण्यात टाकला होता. दोघांचं शेवटचं तापमान काढायचं. उदाहरण ओळखीचं होतं. दिलेली माहिती तिनं सुबक अक्षरात मांडली आणि पेन थांबलं. असली कितीतरी उदाहरणं तिनं सुटताना पाहिली होती. सुरुवात पाहिली होती, उत्तर पाहिलं होतं. मधला भाग नेहमी त्याच्या मनगटाखाली झाकलेला असायचा. चुंबकाच्या प्रश्नाला तिनं डावा हात बाकावर ठेवला. बोटं वाकवली, सरळ केली, पुन्हा वाकवली. कुणीतरी येऊन आपल्याला वळवेल म्हणून ती बोटं वाट बघत होती. तिला रडू आलं, आणि रडण्याहून जास्त राग आला. तो कुणावर काढायचा ते मात्र कळेना.

फाटकाबाहेर बिंदुमाधव शहाळं घेऊन उभा होता, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. प्रश्नपत्रिका त्यानं स्कूटरच्या सीटवर पसरली आणि उभ्याउभ्या सगळी उदाहरणं सोडवली.

"अगं, किती सोपा पेपर! सगळं आपण केलेलंच." मग त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"मला मधलं काहीच येत नाही," ती म्हणाली. "मला एकटीला बसू द्या हो. चुकू द्या."

त्याला मनापासून वाईट वाटलं. जवळ येऊन त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"कळलं मला. माझंच चुकलं, मी वेळ कमी दिला. पुढच्या वर्षी महिनाभर रजाच काढतो."