नातीची परीक्षा मी निंदून टाकली

माझ्या नातीची सासू म्हणाली, "एक तर लेकरू घरी ठेव, न्हाई तर नोकरी घरी ठेव." म्हणून मी निघाले. लग्न, मयत आन् बाळंतपण सोडून मी कधी कुंभार पिंपळगावच्या बाहेर पाऊल टाकलं न्हव्हतं, आन् एकदम दहा दिवसांचा प्रवास. हे सगळं मी चौथीच्या अक्षरात वहीत लिहिलं, वर्षानं कंप्युटरवर चढवलं. तिला बजावलं, एक शब्द बदलायचा न्हाई, तुझी फजिती आली तरी.

वर्षा म्हणजे माझ्या लेकाची लेक. दिली जालन्यात. जंगल खात्यात वनरक्षक लागली तवा आम्ही गावभर पेढे वाटले. आन् खात्यानं काय करावं? तिला रोपवाटिकेत बसवलं, प्लास्टिकच्या पिशव्यांत माती भरायला. तीन वर्षं. खाकी घालून माती भरायची. मंग तीन युनिव्हर्सिट्यांनी मिळून कुरणं राखायला शिकवायचं दहा दिवसांचं शिबिर काढलं. पास झाली तर भोकरदनकडच्या कुरणावर हरणं-पाखरं राखायची ड्यूटी, नापास झाली तर परत पिशव्या. पण तिची छकुली नऊ महिन्यांची, अंगावर पिणारी. लेकरू सांभाळायला कोणी तरी संगं पाहिजे, आन् रिकामी मीच.

तुम्ही आमच्याकडून जाणार असाल तर सकाळची एसटी धरा, घनसावंगी, अंबड करत जालना. बायांना अर्धं तिकीट, तरी मतदानाचं कार्ड जवळ असू द्या, आमच्या कंडक्टरनं मागितलं. कंडक्टर कार्डाकडं बघे, माझ्याकडं बघे. म्हणाला, "मावशी, फोटो तुमचाच का?" म्हटलं, "माझाच हाय बाबा, तवा दात होते." अंबडपर्यंत रस्त्याच्या कडेनं मोसंबीच्या बागा, खिडकीतून वास येतो. स्टँडवर मोसंबी घेऊ नका, डझनात दोन पिचकी घालतात. जालन्यात वर्षा छकुलीला घेऊन उभी होती. तिथून भोकरदनची गाडी. राजूरला गणपतीला खिडकीतूनच हात जोडले. भोकरदनहून पिंपळगाव रेणुकाईपर्यंत काळीपिवळी जीप. दहाची जागा, सतरा माणसं आन् एक शेळी. शेळीला खिडकी मिळाली, मला न्हाई.

पोळा होऊन पंधरा-वीस दिवस झाल्ते. रान असं हिरवं की डोळे दुखावेत. पहिले रेणुकामातेची ओटी भरली, पोरीला पास कर म्हटलं. मंग मुक्कामाला शाळेच्या दोन खोल्या, एकीत बाया, एकीत गडी. तिथं पाय टाकला आन् मी जी गार पडले, ती दहा दिवस गारच होते.

एक तर माणसं. आपली होती, कर्नाटकातली होती, नेपाळची दोघं आन् भूतानचा एक. त्याचं नाव सोनम. नाव ऐकून मी समजले पोरगी, निघाला सहा फुटी गडी. तोही आमच्या वर्षासारखा जंगलाचा राखणदार. मी घरून हिरव्या मिरचीचा ठेचा नेल्ता, असा की माझा लेक नखावर घेतो. सोनमनं ताटात भाजीसारखा वाढून घेतला आन् भाकरीसंगं सगळा संपवला. मी घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन उभी, आन् तो हिंदीत विचारतोय, भाजी अजून हाय का. मिरचीची भाजी खाणारा मुलूख जगात हाय, हे मला सत्तरीत कळलं.

दुसरं म्हणजे जेवल्यावर प्रोफेसर लोक आपापली ताटं घासत होते. एक पांढऱ्या केसाचे सर तर राख मागून घासत होते. मी पदर तोंडावर धरला. माझ्या मालकानं चाळीस वर्षांत ताट उचलून मोरीत ठेवलं न्हाई, देव त्यांना शांती देवो.

तिसरं ऐका. तेच सर सकाळी कुरणात पालथे पडून शेणाचा पोव उकरून राह्यले होते आन् पाच-सात शिकली-सवरली माणसं भोवती वाकून बघत होती, जसा काही कोणाचा दागिना पडलाय. त्यात किडे मोजत होते. वर्षा म्हणाली, आजी, ते किडे शेण मातीत नेतात म्हणून गवत येतं. म्हटलं, आम्ही जन्मभर शेण मातीत नेलं, आम्हाला कोणी मोजलं न्हाई.

शिबिराच्या मोठ्या मॅडम मराठीच होत्या, परभणीकडच्या. लहानखुऱ्या, बिनकुंकवाच्या, आवाज मात्र पाटलाचा. मी विचारलं, तीन-तीन युनिव्हर्सिट्या आन् परमुलखातली माणसं ह्या माळावर कशाला? तर म्हणाल्या, आजी, थंडीत इथं घारीसारखी मोठी पाखरं येतात, हिमालयापलीकडून. आम्ही राखली आन् तिकडच्यांनी न्हाई राखली, तर आमचं राखणं वाया. म्हणून राखणारी माणसं एकाजागी शिकवायची.

मला लगेच कळलं. म्हटलं, लेक कशी, आठ महिने सासरी, चार महिने माहेरी. दोन्ही घरांनी नीट ठेवली तरच जगते. मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. माझं बोलणं कोणी लिहून घ्यायची ही पहिली वेळ. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

आता खरं सांगायचं ते सांगते.

सात दिवस मी शाळेतच होते. वर्षा दुपारी पळत येई, छकुलीला पाजी, पळत जाई. आठव्या दिवशी ती आली न्हाई. छकुली रडून लाल झाली. मंग मी तिला कडेवर घेतलं आन् कुरणाकडं निघाले. वाट सोपी हाय, ओढा ओलांडून टेकाडाच्या डाव्या हातानं, पण पायात बंद चप्पल घाला, कुसळं लई. तिथं पोचले तर माणूस न्हाई. सगळे टेकाडापल्याड पाखरं मोजायला गेल्ते. राखणीला बसलेला गडी म्हणाला, येतील अर्ध्या तासात.

मी बघते तर गवतात जागोजाग खुंट्या ठोकून सुतळीनं चौकोन केलेले. हात-दीड हाताचे. प्रत्येकाला चिठ्ठी. विचारलं, आमच्या वर्षाचा कोणता? त्यानं बोटानं दाखवला आन् ओढ्यावर पाणी भरायला गेला.

मी बघितला आन् मला लाजच वाटली. आपल्या पोरीचा वाफा, आन् त्यात गुडघ्याएवढं तण. केना, कुर्डू, तरोटा, दुधी, मिळंल ते माजलेलं. म्हटलं, लेकराच्या पायी पोरीला निंदायला वेळ मिळाला न्हाई. उद्या परीक्षेचे साहेब येणार आन् म्हणणार, हिच्या आईनं हिला काय शिकवलं. आमच्यात बाईची किंमत तिच्या वाफ्यावरनं होते. मी पदर खोचला, छकुलीला मांडीवर घेतलं आन् बसले. खुरपं न्हव्हतं, हातानंच. माती ओली, मुळासकट येत होतं. आमच्या सवयीप्रमाणं ढिगारेही येगळे केले. भाजीचं एक, शेळीचं एक, औषधाचं एक, आन् गाजरगवत लांब फेकलं. दोन रोपं तुरीसारखी दिसली, ती तेवढी ठेवली, माती लावून. एक बारीक काडीचं, निळ्या फुलाचं, मुळाशी शेंगदाण्याएवढी गाठ असलेलं निघालं. ते मला ओळखू आलं न्हाई. बिनकामाचं म्हणून छकुलीच्या हातात दिलं खेळायला.

शेजारचे वाफेही तसेच माजलेले होते. मनात म्हटलं, राहू दे, आपली पहिली आली पाहिजे.

वर्षा आली. मागं सोनम आन् बाकीचे. तिनं चौकोनाकडं बघितलं. मला वाटलं खूश होईल. ती मटकन खालीच बसली.

"आजी, हे कोणी केलं?"

म्हटलं, मी केलं, आन् कोण करणार.

तिनं वही उघडून माझ्यापुढं धरली, पानापानावर त्याच तणाची चित्रं. सोनमनं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली, मयताला काढतात तशी. मंग मला कळलं की ते तण न्हव्हतं, तीच परीक्षा होती. आठ दिवस ती त्या एका चौकोनात काय उगवतं, त्यावर कोण बसतं, कोण खातं हे लिहून राह्यली होती, आन् उद्या साहेबांना ते जाग्यावर दाखवायचं होतं. तीन वर्षं पिशव्या भरलेली पोर, आन् मी तिला अर्ध्या तासात परत पिशव्यांकडं धाडलं होतं.

मॅडम आल्या. आधी ढिगाऱ्यांकडं बघितलं. मला एक-एक नाव विचारलं, मी सांगत गेले, त्या वर्षाच्या वहीशी ताडत गेल्या. बराबर जुळत होतं. मंग एका पानावर बोट ठेवून थांबल्या. "हे निळ्या फुलाचं कुठाय?"

मी छकुलीकडं बघितलं. तिची मूठ तोंडात.

तीन प्रोफेसर, तीन मुलखांतले, एका लेकराची मूठ सोडवून राह्यले. अर्धं चावलेलं, पण गाठ शाबूत. विषारी न्हाई, ह्या जातकुळीची गाठ गुराखी पोरं खातात, सर म्हणाले, तवा माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, सर, नाव काय त्याचं? सरांनी मान हलवली. त्यांनाही माहीत न्हव्हतं. मी चाटच पडले. इतकी बुकं शिकून नाव माहीत न्हाई, आन् तरी जपून राह्यलेत. मला माहीत न्हव्हतं तर मी लेकराला खेळायला दिलं.

मी मॅडमचे हात धरले. म्हटलं, चूक माझी, पोरीचे मार्क कापू नका. त्या मला काही बोलल्या न्हाईत. वर्षाला बोलल्या.

"आजी सात दिवस तुझ्यासंगं आहे. तू तिला काय सांगितलंस?"

वर्षा म्हणाली, "काहीच न्हाई, मॅडम."

"घरातल्या आजीला सांगितलं नाहीस, तर गावाला काय सांगणार? मार्क त्याचे गेले."

हे ऐकून मला पहिल्यांदा पोरीचा रागही आला आन् कीवही. मी तिला कधी विचारलं होतं का, की तू दिवसभर करतेस काय?

दुसऱ्या दिवशी परीक्षेचे साहेब आले आन् त्यांनी ठरवलं, वर्षानं दोन दिवस जास्त थांबायचं, गावातल्या बायांना कुरणात आणायचं आन् तण का राखायचं ते पटवायचं. पटलं तर पास. त्या गावच्या आठ-दहा बाया आल्या, कमरेला खुरपी तशीच. वर्षा आधी पुस्तकी बोलली, बाया जांभया देऊन राह्यल्या. मंग मीच मधून विचारलं, शेतातलं पण निंदायचं न्हाई का गं, मंग खायचं काय? ती चिडली आन् तिचा खरा आवाज निघाला. म्हणाली, आजी, शेत तुझं, ते निंद. पण हा माळ केन्याचा हाय, हरणाचा हाय, त्याचं शेत आपण कशाला निंदावं? बाया हसल्या. एक म्हातारी म्हणाली, बराबर हाय, दुसऱ्याच्या बांधात हात घालू नये. ते त्यांना पटलं, बिलकुल पटलं. बांधावरनं तर आमच्याकडं डोकी फुटतात.

वर्षा पास झाली. पहिली न्हाई आली, पहिला सोनम आला. तो जाताना माझ्याकडनं ठेच्याची कृती लिहून घेऊन गेला. ती निळ्या फुलाची गाठ मॅडमनी डब्यात ओल्या मातीत घालून युनिव्हर्सिटीत नेली. तिला अजून कोंब न्हाई. दर रविवारी मी वर्षाला फोन करून पहिले गाठीचं विचारते, मंग छकुलीचं.

घरी आले तर कपाशीत तण माजलेलं. निंदायला बसले आन् हात थांबू लागला. एक-एक उपटताना नाव घ्यायची सवय लागलीय, आन् नाव आलं न्हाई की हात पुढं जात न्हाई. शेवटी बांधाच्या कडेला चार काड्या रोवून सुतळी बांधली, हात-दीड हाताचा चौकोन. त्यात जे येतंय ते येऊ दिलं. गावात चर्चा, म्हातारी थकली, तिला आता निंदण होत न्हाई. आयुष्यात माझ्या वाफ्याला कोणी नाव ठेवलं न्हव्हतं. ऐकायला जड जातं.

परवा माझी जाऊ सगुणा आली. चौकोन बघून तिला राहवलं न्हाई, बिचारी माझीच लाज राखायला वाकली आन् कुर्डूच्या बुडाला हात घातला.

"सगुणा, थांब," मी म्हटलं. "आधी बस. तुला सांगायचं राहून गेलंय."