अळंबी आणि मागचं दार

बाबांची गिरणी बंद पडली आणि ते ट्रंक घेऊन मुंबईहून रत्नागिरीला घरी आले, तेव्हा मी नुकतीच कॉलेजात जायला लागले होते. आमच्याकडे मुंबईवाल्याला भेटेल तो दोनच गोष्टी विचारतो, कधी आलात आणि कधी जाणार. पहिल्याला बाबा उत्तर द्यायचे. दुसऱ्याला नुसते हसायचे, आणि माझे कान तापायचे.

मग त्यांनी अळंबी लावायचं ठरवलं. रानातली नाही हां, पेंढ्यावर वाढवतात ती! शेतीखात्यातल्या एका साहेबांकडून बियाणं आणलं, मागच्या खोलीत बांबू लावून प्लास्टिकचा तंबू उभा केला, आत उकळलेल्या पेंढ्याच्या पिशव्या टांगल्या, भोवती ओली गोणपाटं. आणि दिवसभर हातात फवारा. भर पावसाळ्यात! आई ओल घराबाहेर ठेवायला धडपडते, चुलीवर कपडे सुकवते, आणि बाबा आत पाणी मारतायत. शेजारच्या काकी म्हणाल्या, "आमी ओल भायेर काढतो, तुमच्यात मुद्दाम भरतात काय गो?" अख्खी वाडी हसली. माझ्या ओढणीलासुद्धा पेंढ्याचा कुबट वास. वर्गात मी खिडकीजवळच बसायचे.

पण बाबांनी स्टँडजवळच्या एका हॉटेलवाल्याला शब्द दिला होता. माल चांगला निघाला तर तो कायम घेणार. नाही निघाला तर गणपती झाले की बाबा परत मुंबईला, काकाच्या खोलीत राहून वॉचमनची नोकरी. घरात सगळ्यांना माहीत होतं, बोलत कोणी नव्हतं.

माल निघाला. लांबच लांब पांढरे देठ आणि वर टिकलीएवढी टोपी. तरी बाबा टोपलीत केळीचं पान घालून घेऊन गेले, मी बरोबर. हॉटेलवाल्याने एक उचलून उजेडात धरली. "भाऊ, ही अळंबी की मटकीचे मोड?" गिऱ्हाईकं हसली. बाबाही हसले. ते हसले ना, तेच मला बघवलं नाही.

शेतीखात्यातले साहेब म्हणाले, आत कोंडलंय, हवेसाठी अळंबीने माना लांबवल्यात. ओल राखा, पण सकाळ-संध्याकाळ पुढून मागून वारा खेळू दे. बाबा म्हणाले, खिडकी तर उघडतोच. मग घरी येऊन ते तंबूपाशी उभे राहिले आणि मागच्या दाराकडे बघतच बसले. सकाळी पावसाची झड आत येते म्हणून ते बंद. आणि संध्याकाळी? दिवेलागणीला आई पुढचं दार उघडायची आणि मागचं लावून घ्यायची. लक्ष्मी पुढून येते, ती मागून निघून जाऊ नये म्हणून. सगळ्यांकडेच लावतात, त्यामुळे कोणाच्या डोक्यातच आलं नाही!

त्या संध्याकाळी आई कडी लावायला गेली तर बाबा म्हणाले, "राहू दे उघडं."

"लक्ष्मी जाईल मागून."

"आहे कुठे जायला?"

हळूच म्हणाले. आई कडीवर हात ठेवून तशीच उभी. मला तर जमीन फाटेल तर बरं असं झालं, कारण ते खरं होतं आणि आता ते घरात बोललं गेलं होतं. मग आईने कडी सोडली, दार सताड उघडलं आणि दिवा विझू नये म्हणून त्याच्यापुढे पाट उभा केला.

वाडीची पायवाट आमच्या मागूनच जाते, दार उघडं दिसणारच. म्हणून मी रोज पुस्तक घेऊन मागच्या पायरीवर बसायला लागले. लोकांना वाटावं, मुलगी बसलीय म्हणून उघडं आहे. पाठीला लागून आतली ओली हवा बाहेर सरकायची, वाचलेलं काहीच डोक्यात शिरायचं नाही.

दुसऱ्या खेपेला टोप्या तळहाताएवढ्या पसरल्या. हॉटेलवाल्याने सगळ्या ठेवून घेतल्या आणि पुढच्या कधी आणणार ते विचारलं. आईने ट्रंक माळ्यावर टाकली.

त्यानंतर एका संध्याकाळी काकी पायवाटेवर थांबल्या. "दिवे लागले गो, दार लाव."

मी पुस्तकात तोंड घातलं. कान तापलेच. मग म्हटलं, "नको काकी, अळंबीला वारा लागतो."

काकींनी माझ्या डोक्यावरून आत बघितलं. "म्हंजे तुझा बापूस आता जात नाय मुंबईला," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली, पुस्तकातून वर न बघता.