एका कुत्र्याच्या डोक्यामागे केळदपर्यंत

प्रवासवर्णन लिहावे ते काशी-रामेश्वर करून आलेल्याने, नाहीतर बोटीने विलायतेला जाऊन आलेल्याने. मी वेल्ह्याच्या बाजूला केळदपर्यंत गेलो आणि परत आलो, तेही एका मेलेल्या कुत्र्याच्या मागे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. लिहिण्याचा सराव नाही. मांडणी चुकेल, कुठे फाजील लिहिले जाईल, तर वाचकांनी या धिटाईबद्दल क्षमा करावी. वसतिगृहातले मित्र ही हकीकत ऐकून पोट धरून हसले. मला ती हसण्यासारखी वाटली नव्हती, म्हणून एकदा नीट लिहून काढतो.

आमचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक पिसाळलेल्या जनावरांच्या मेंदूवर संशोधन करतात. कुत्रे खरोखर पिसाळलेले असेल, तर त्याच्या मेंदूच्या एका ठराविक भागातल्या पेशींत बारीक लाल ठिपके दिसतात. मेंदूचा तुकडा काचेवर पसरून त्याला रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. मात्र मेंदू ताजा हवा आणि कवटी फुटलेली नको. खेड्यात पिसाळलेले कुत्रे डोक्यात दांडके घालूनच मारतात, त्यामुळे धड कवटी सहसा मिळत नाही. परीक्षा तोंडावर आली होती, तेव्हा वेल्ह्याच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरांचे कार्ड आले. मार्गासनीच्या पुढे खडकवाडीत एका बाईला कुत्रे चावले होते. ते फास लावून मारले होते, डोके शाबूत होते, ओल्या वाळूत पुरून ठेवा असे त्यांनी सांगितले होते.

"तू तिकडचाच ना रे?" प्राध्यापकांनी विचारले.

मी भोंगवलीचा. भोंगवली कुठे आणि वेल्हे कुठे! पण पुण्याच्या माणसाला कात्रजच्या घाटापलीकडचे सगळे एकच गाव वाटते. मी हो म्हणालो. त्यांनी मला रबरी हातमोजे, एक लहान करवत, छिनी आणि ग्लिसरीन भरलेली काचेची बरणी दिली.

भोरला जाणारी मोटार इस्माईलभाईंची होती. हे भोरचेच. गाडी इतकी जुनी की चढ आला की पाणी मागायची. शिवऱ्याला एक बाई वांग्यांची टोपली घेऊन चढल्या आणि ती टोपली त्यांनी माझ्या मांडीवरच्या बरणीवर ठेवली. बरणी सांभाळण्याच्या नादात नसरापूर मागे पडले. मी ओरडलो, पण इंजिनापुढे कोणाला ऐकू जाते! कापूरहोळला उतरून चालत मागे यावे लागले. हा पहिला मनस्ताप. पुढच्यांच्या मानाने तो फारच सौम्य होता.

नसरापुराहून एका गवताच्या गाडीने मला मार्गासनीपर्यंत सोडले. चैत्राचे ऊन, दोन्ही बाजूंना करपलेले डोंगर, नदीच्या पात्रात डबकी. प्रत्येक मैलागणिक कुत्र्याच्या मेंदूचे काय होत असेल, एवढाच विचार मी करत होतो.

खडकवाडीत चावलेल्या बाईच्या सासऱ्यांचे, दगडूआबांचे, घर सापडले. आबा म्हणजे वाडीतले वजनदार गृहस्थ. मी भोंगवलीच्या कुणाचा, माझी आत्या कुठे दिली, हे सगळे विचारून झाल्यावरच त्यांनी मला बसायला घोंगडे दिले. मग मी कुत्रे कुठे पुरले ते विचारले.

"पुरायचं कशाला? धाडलं की."

"कुठं धाडलं?"

"शिवंवर."

मी घोंगड्यावरून उठलोच. शीव (गावाची हद्द) आणि धाडणे हे दोन शब्द एकत्र आले की काय झाले ते आमच्याकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. गावात रोगराई आली की इडा (पीडा) टोपलीत घालतात. वर कडुलिंब, लिंबू, हिरव्या बांगड्या ठेवतात आणि टोपली पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन ठेवतात. त्या गावाने ती दिवस मावळायच्या आत उचलून त्याच्या पुढच्या शिवेवर न्यायची. असे करत शेवटचे गाव ती घाटाच्या कड्यावरून खाली कोकणात लोटून देते. कोकणाने काय करायचे, हे कोणी विचारत नाही. लहानपणी मी असा मरीआईचा गाडा जाताना पाहिला होता. कुत्र्याचीही तीच वाट लागेल, हे मात्र मला सुचले नव्हते.

चावलेली बाई, आबांची सून हौसाबाई, दारात उभी होती. वय माझ्याएवढेच असेल. कडेवर अंगावर पिणारे मूल होते आणि उजव्या मनगटाला पाला बांधलेला. कुत्रे आंब्याखालच्या झोळीकडे आले, तेव्हा झोळीतले पोर वाचवायला तिने हात मध्ये घातला होता.

मी आबांना म्हणालो, कुत्र्याचे राहू द्या, सूनबाईंना आधी पुण्याला सुया टोचून घ्यायला पाठवा. आबा नाही म्हणाले. वैदूने पाला बांधला होता, आणि पोटात सुया टोचून घ्यायला तरुण सून परक्या गावी कोण पाठवतो? मग मी चूक केली. मेंदू, पेशी, लाल ठिपके, सगळे त्यांना मोठ्या हौसेने समजावून सांगितले. आबांनी लक्ष देऊन ऐकले.

"मंग झालं तर," ते म्हणाले. "त्या दुर्बिनीत बघा. हाय म्हनलात तर धाडतो. न्हाई तर उगं कशाला?"

माझेच शास्त्र त्यांनी माझ्या पायात अडकवले. मी निघालो तेव्हा हौसाबाई गोठ्याच्या कोपऱ्यापर्यंत आली.

"दादा, लवकर बघा," ती म्हणाली. मग हळूच विचारले, "ते येड लागलं, तर पोराला पाजताना म्या चावंन का त्याला?"

मी बरणी काखोटीला मारून पळत सुटलो.

विंझरला कळले, टोपली पुढे गेली. वेल्ह्याला कळले, तिथूनही गेली. कंपाउंडर कपाळाला हात लावून बसले. ते म्हणाले, वाळूत पुरा म्हणून मी बजावले होते, आणि सगळे व्हय म्हणाले होते. मी त्यांना काय सांगणार? आमच्याकडे व्हय म्हणजे ऐकू आले, एवढेच.

वेल्ह्यापुढे खिंडीची चढण. वाटेत एका घरी मुक्काम झाला. तिथे नाचणीची भाकरी आणि माडगे (हुलग्याचे पीठ शिजवून केलेली पातळ पेज) मिळाले. पाहुण्याला वाढण्यात त्यांनी काही कमी केले नाही, पण टोपलीचा विषय काढला की सगळे छपराकडे बघत. सकाळी निघताना घरधन्याने मान्य केले की टोपली आदल्याच दिवशी त्यांनी पुढे नेली. "तुमी एक दीस आदी यायचं," तो मलाच म्हणाला.

अखेर केळदच्या शिवेवर मी टोपली गाठली. गावकरी ती उचलून कड्याकडे न्यायच्या तयारीत होते. मी आडवा उभा राहिलो. वास इतका होता की डोळ्यांत पाणी आले. त्यांना ते रडणेच वाटले असावे, कारण एक म्हातारा म्हणाला, "तुमचं पाळलेलं व्हतं काय वो?"

डोके द्यायला त्यांची हरकत नव्हती. हरकत होती ती त्यांच्या हद्दीत कापण्याला. अलीकडच्या गावचे दोघे होते, ते म्हणाले, आमच्याही हद्दीत नको. अर्धा तास हा वाद चालला. शेवटी शिवेच्या धोंड्यावर डोके ठेवायचे, आणि मी एक पाय इकडे आणि एक पाय तिकडे ठेवून कापायचे, असे ठरले. त्याआधी मी फक्त बेडकाची कवटी उघडली होती. आजूबाजूला, दहा हातांवर, दोन गावे उभी राहून मला सल्ले देत होती. मेंदू निघाला, पण तो दह्यासारखा झाला होता. मी तो कसाबसा बरणीत घातला. केळदकरांनी लांबूनच माझ्या हातांवर पाणी घातले आणि उरलेली टोपली कड्यावरून लोटून दिली.

मी परत वळलो, तसा आणखी गोंधळ उडाला. शिवेबाहेर काढलेली इडा मागे फिरते, हे कोणी पाहिले नव्हते.

"हितनं न्हेऊ नगंस," एक म्हातारी म्हणाली.

"मग उडत जाऊ का?" मी म्हणालो. वडीलधाऱ्या माणसापुढे मी आयुष्यात पहिल्यांदाच आवाज चढवला.

त्यांनी आपसांत खलबत केले आणि मग जे झाले त्याने मी चक्रावून गेलो. ज्या गावांनी मला येताना उन्हात चालवले, तीच गावे आता मला हद्दीतून बाहेर काढण्यासाठी धावू लागली. खिंडीतून दोन गडी पुढे, दोन मागे, आणि मध्ये मी, जवळजवळ पळतच. खिंडीखाली बैल जुंपलेली गाडी तयार. शिवेवर पोचलो की दुसरी गाडी उभी असे. मला उतरवून तिच्यात बसवत आणि मागचा गाडीवान सुटकेचा नमस्कार करून वळे. पुढे धावत जाऊन कोणीतरी आधीच ओरडून कळवलेले असे. मोटारीनेही इतक्या वेगाने मी कधी गेलो नाही.

खडकवाडीच्या शिवेवर हौसाबाई डोक्यावर हंडा घेऊन उभी होती. मी बरणी उंच करून तिला दाखवली. तिचे बरणीकडे लक्ष नव्हते. एका गाडीतून दुसऱ्या गाडीत मला कसे घाईने चढवतात, तिकडे ती बघत होती.

नसरापुराला इस्माईलभाईंचीच गाडी मिळाली. बरणीत काय आहे ते ऐकून बाकीचे उतारू मागे दाटीवाटीने बसले. इस्माईलभाईंनी मला पुढे बसवले आणि म्हणाले, "मास्तर, ह्या कुत्र्यानं तुमचा मान लई वाढवला बगा."

पुण्यात प्राध्यापकांनी काचांमागून काचा तपासल्या. मग उठून मला बघायला दिले. निळसर चिखलाशिवाय मला काही दिसले नाही.

"पेशीच उरलेल्या नाहीत," ते म्हणाले. "ठिपके दिसले नाहीत याचा अर्थ ते नव्हते असा नाही. बाईंना ताबडतोब बोलावून घे."

मी तेच वाक्य कार्डावर लिहिले, खाली रेघ मारली आणि कंपाउंडरांना पाठवले. त्यांचे उत्तर आले. आबांना त्यांनी कार्ड वाचून दाखवले होते. आबा म्हणाले होते, दिसलं न्हाई न्हवं? मग झालं.

मी पुन्हा लिहिले, त्याला उत्तर नाही. मग परीक्षा सुरू झाली. एका प्रश्नात कुत्र्याच्या मेंदूची आकृती काढून भागांना नावे द्यायची होती. ती मी इतकी चांगली काढली की मलाच माझा राग आला. एवढे सगळे ठाऊक असून एका म्हाताऱ्याला एक वाक्य समजावता आले नव्हते. रात्री डोळा लागला की ते पोर आणि पोराला पाजणारी आई दिसत.

परीक्षा संपल्यावर भोंगवलीला जायला मोटार स्टँडवर आलो. मध्यंतरी इस्माईलभाईंची गाडी कापूरहोळला दुरुस्तीला पडली होती, ती नुकतीच सुरू झाली होती. त्यांनी मला पाहताच पुढची जागा झटकली.

"मास्तर, तुमची ती बाई," ते म्हणाले.

त्यांनी गाडी सुरू केली आणि घाटाला लागेपर्यंत सगळे सांगितले. हौसाबाईने एके सकाळी मनगटाच्या फडक्यावर कुंकू लावले, पदराला लिंबू आणि कडुलिंब बांधला आणि पोर घेऊन ती शिवेच्या धोंड्यावर जाऊन बसली. म्हणाली, कुत्र्याचं डोकं गेलं, पर त्याचे दात माज्या हातात हाईत, मला शिवंबाहेर काढा. आबा ओरडले, पण त्यांचे कोण ऐकतो! तोवर वाडीने बैल जुंपले होते. शिवेमागून शीव ओलांडत ती दोन प्रहरांच्या आत नसरापुराला पोचली. तिथे कोणी तिला मोटारीत घेईना. इस्माईलभाई म्हणाले, कुत्र्याचं डोकं न्हेलं, ही तर मानूस हाय. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात तिने पोटात सगळ्या सुया टोचून घेतल्या, आणि परतीलाही ती त्यांच्याच गाडीत होती. डॉक्टरांनी आता धास्ती नाही म्हणून सांगितले होते.

मी त्यांना हे पुन्हा एकदा सांगायला लावले.

"आबा नसरापूरच्या बाजारात भेटला हुता," ते पुढे म्हणाले. "तुमाला निरोप हाय. म्हनला, दुर्बिनीत काय नव्हतं त्येच खरं. म्हून तर सून धडधाकट हाय."

मी डोके धरले. सुया टोचल्यामुळे ती जगली की कुत्रेच धड होते, हे आता प्राध्यापकही सांगू शकणार नाहीत. शिवरे मागे गेले तरी मी मनातल्या मनात आबांशी भांडत होतो. मग विचारले, "नसरापुराहून ती वाडीला कशी गेली? पुन्हा गाड्याच मिळाल्या असतील."

"छ्या. येकाबी गावानं गाडी दिली न्हाई. पोर काखंला मारून चालत ग्येली."

मला त्या गावांचा पुन्हा संताप आला. तेवढ्यात इस्माईलभाई हसले.

"म्याबी म्हनलं, बाई, आता कोन बैल जुंपत न्हाई व्हय? तर ती काय म्हनली ठावं हाय? म्हनली, आता मला कुनी गाडी देत न्हाई, म्हंजी म्या बरी झाले."