हर्लिंडाचा पंखा

हर्लिंडा बुस्तामांते त्रेसष्टाव्या वर्षी कारखान्यातून निवृत्त झाली आणि दुसऱ्याच महिन्यात तिने एका दातांच्या डॉक्टरकडून एकोणऐंशी सालची जर्मन स्पोर्ट्स कार विकत घेतली. रंग भाजलेल्या विटेचा, दारं दोनच, इंजिन मागे. धाकटी बहीण चायो तिच्याच घरी राहायची. तिने अंगणात उभं राहून गाडीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं, लोक म्हातारपणी मांजर पाळतात!"

"मांजर वळणावर रस्ता असा धरून राहतं का?" हर्लिंडा म्हणाली आणि तिला घेऊन एक फेरी मारून आली. चायो परत आली ती केस विस्कटून. मग म्हणाली, "उद्या परत नेशील?"

पण डॉक्टरने गाडी का विकली ते मे महिन्यात कळलं. त्या गाडीला पाण्याचा रेडिएटर नाही. वाऱ्याने आणि तेलानेच इंजिन थंड राहायचं. तेल गार करायला उजव्या मडगार्डच्या आत एक ऑइल कूलर बसवलेला. गाडी पळत असली की त्यातून वारा जातो, पण सिग्नलला थांबली की वारा बंद. वाळवंटातल्या टूसॉन शहराच्या उन्हात तीन सिग्नल लागले की तेलाचा काटा तांबड्या पट्टीला टेकायचा. डॉक्टरने कूलरवर एक पंखा लावून पाहिला होता. त्याची वायर सिगारेट पेटवायच्या खोबणीतून ओढलेली, बुटाच्या नाडीएवढी बारीक. ती वितळून गालिच्याला चिकटली होती.

दर शनिवारी सकाळी जुन्या गाड्यांची मंडळी डोनटच्या दुकानासमोर जमायची. त्यांचा म्होरक्या गॉर्डन प्रुइट, हवाई दलातून निवृत्त झालेला, मिशा पांढऱ्या, आवाज खणखणीत. हर्लिंडाने त्याला काट्याचं सांगितलं.

"हर्लिंडाबाई, औषध सोपं आहे," तो म्हणाला. "मे ते ऑक्टोबर गाडीवर चादर घाला."

"पंखा नीट जोडला तर?"

"पुष्कळांनी जोडलाय. कुणाचा फ्यूज उडतो, कुणाची बॅटरी बसते. वायरिंग म्हणजे काळी जादू आहे. त्यात तुम्ही नका पडू."

बाकीचे हसले. हर्लिंडाही हसली, पण तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

गॉर्डनला ठाऊक नव्हतं, आणि त्याने विचारलंही नव्हतं, की ही बाई एकतीस वर्षं करत काय होती. बिस्बीच्या तांब्याच्या खाणीतल्या मजुराची ही मुलगी बत्तिसाव्या वर्षी हेलिकॉप्टरचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागली आणि त्या दिवसापासून वायरी बांधत राहिली. समोर दारापेक्षा लांब फळी, फळीवर खिळे, खिळ्यांतून नेलेल्या शेकडो पांढऱ्या वायरी. प्रत्येकीचं टोक सोलायचं, त्यावर पितळी टोपी दाबून बसवायची, ओढून पाहायची, मग मेणाच्या दोऱ्याने जुडगा बांधायचा, दर बोटभर अंतरावर एक गाठ. झालं की तो जुडगा प्लास्टिकच्या पिशवीत जायचा आणि पिशवी दाराबाहेर. पुढे तो कुठल्या यंत्रात बसला, त्याने कुठला दिवा पेटवला, हे तिला कधी दिसलं नाही. एकतीस वर्षांत एकदाही नाही.

त्या शनिवारी घरी आल्यावर तिने डॉक्टरची वायर उपटून कचऱ्यात टाकली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर खाकी कागद पसरला.

"इथे जेवायचंय आपल्याला," चायो म्हणाली.

"उभ्याने जेव." हर्लिंडाची पेन्सिल चालायला लागली होती. "हे बघ. ही बॅटरी, पुढच्या डिकीत. हा पंखा, मडगार्डमध्ये. जाड वायर बॅटरीतून सरळ पंख्याला. बॅटरीच्या तोंडाशीच फ्यूज, म्हणजे वाटेत कुठे काही झालं तर आग लागायच्या आधी तोच जळेल. आणि मध्ये हा रिले."

"हा कोण?"

"कूलरवर एक खटका बसवायचा. तेल तापलं की तो एवढासा इशारा करतो. इशारा बारीक वायरीतून रिलेला पोचतो, आणि रिले मोठी वीज सोडतो."

चायोने विचार केला. "म्हणजे आई. ती खुर्चीतून नुसती भुवई उचलायची आणि बाबा उठून अख्खी लाकडं फोडायचे."

"अगदी तस्संच!" हर्लिंडा इतक्या जोरात हसली की पेन्सिलीचं टोक मोडलं.

चार दिवस ती पहाटे पाचला गॅरेजमध्ये शिरायची आणि ऊन चढलं की बाहेर यायची. चाक काढलं, मडगार्डचं अस्तर उतरवलं, डॉक्टरचा पंखा काढून नवा बसवला. घरात पडलेल्या जुन्या चिमट्याने टोप्या दाबताना बोटांना आपोआप सगळं आठवत गेलं. वायर पत्र्यातून जिथे जिथे जाते तिथे तिने रबरी कडी घातली. आणि डॅशबोर्डखाली तिने एक वाटाण्याएवढा हिरवा दिवा जोडला. पंखा चालू झाला की तो लागणार, कारण मागच्या इंजिनाच्या गर्जनेत पुढचा पंखा ऐकू येणं शक्य नव्हतं.

गुरुवारी तिने खटक्याची दोन टोकं तारेने जोडून पाहिली. टक्! रिले बोलला, दिवा लागला आणि मडगार्डमध्ये पंखा भणभणायला लागला. चायोने टाळ्या वाजवल्या. हर्लिंडाने मात्र कागदी रुमाल घेऊन कूलरसमोर धरला. तो आत ओढला जाऊन जाळीला चिकटायला हवा होता. तो उडून चायोच्या तोंडावर आला.

"उलटा फिरतोय," हर्लिंडा म्हणाली.

"फिरतोय ना? मग झालं!"

"गाडी पळताना वारा आत येणार, आणि हा त्याला बाहेर ढकलणार. त्यापेक्षा नसलेला बरा." ती मटकन जमिनीवर बसली. नव्या पंख्याला एक काळी आणि एक निळी वायर होती, आणि काळी ती निगेटिव्ह असं धरून तिने जोडलं होतं. कारखान्यात असं 'धरून' कुणी केलं असतं तर तिनेच त्याची खरडपट्टी काढली असती. तिने दोन्ही वायरी अदलाबदल केल्या. पुन्हा टक्, पुन्हा भणभण, आणि रुमाल जाळीला असा चिकटला की ओढून काढावा लागला. हर्लिंडाने चायोला मिठी मारली, ग्रीसच्या हातांनीच, आणि चायोचा पिवळा ब्लाउज कायमचा कामातून गेला.

रविवारी मंडळींची उन्हाळी चढाई होती. माउंट लेमनच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत पंचवीस-सत्तावीस मैल, निवडुंगांपासून पाइनच्या जंगलापर्यंत. जूनमध्ये या चढाईला मंडळी जुन्या गाड्या घरी ठेवून नव्या, एसीवाल्या गाड्या आणायची. पायथ्याशी पारा एकशे सहा फॅरनहाइटवर होता. विटेच्या रंगाची गाडी घरघरत येऊन रांगेत उभी राहिली तेव्हा गॉर्डन खिडकीशी आला.

"बाई, वर टोइंगवाला यायला दोन तास लागतात हं."

"पाणी भरून घेतलंय," चायो म्हणाली. "तुम्हाला लागलं तर मागा."

निघाले. पहिल्या पाच मैलांत काटा अर्ध्यावर आला. गाडी वळणांत मजेत झेपावत होती. पुढे दोन सायकलवाले शेजारी-शेजारी चढत होते आणि समोरून गाड्यांची रीघ लागलेली. सगळी रांग पायी चालण्याच्या वेगाला आली. वारा थांबला. काटा वर सरकायला लागला.

"लिंडा, ते वर जातंय."

"दिसतंय मला."

"दिवा लागला नाही."

"लागेल."

"नाही लागला तर?"

"चायो, गप्प बस!"

काटा तांबड्या पट्टीपासून नखभर राहिला. खटका कुठल्या तापमानाला लागतो ते डबीवर छापलेलं होतं, पण डबीवर काय वाट्टेल ते छापतात. उजवीकडे, रस्त्याच्या कडेला, गाडी थांबवायला जागा दिसत होती. तिचा हात दिशा दाखवायच्या दांडीकडे गेला.

आणि हिरवा ठिपका लागला.

दोघी एकदम किंचाळल्या. पुढचा सायकलवाला दचकून मागे पाहायला लागला. काटा जागच्या जागी थबकला, एक वळण तसाच राहिला, दुसरं वळण, आणि मग हळूच खाली यायला लागला. "उतरतोय! अगं उतरतोय!" चायो सीटवर नाचत होती. हर्लिंडाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायला हात मोकळा नव्हता, कारण रस्ता मोकळा झाला होता आणि तिने गिअर टाकून गाडी सोडली होती.

माथ्यावर पाइनच्या सावलीत ती थांबली तेव्हा दिवा विझलेला आणि काटा अर्ध्याच्या खाली होता. मंडळी गोळा झाली. गॉर्डन गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला आणि टॉर्च घेऊन मडगार्डमध्ये डोकावला. एकेक गाठ त्याने बोटाने चाचपली.

"या गाठी कुणी बांधल्या?" आतून आवाज आला.

"मी."

"या विमानातल्या गाठी आहेत. मी वीस वर्षं अशा गाठींच्या भरवशावर उडलोय." तो उठून बसला. शर्टाला पाइनच्या काड्या चिकटल्या होत्या. "तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"तुम्ही कधी विचारलंत?" चायो म्हणाली.

हर्लिंडाने सांगितलं. कारखाना, फळी, खिळे, प्लास्टिकची पिशवी. सांगताना तिचा आवाज चढत गेला, हात हवेत फिरायला लागले. "एकतीस वर्षं! आणि माझी वायर काम करताना मी आज पहिल्यांदा पाहिली. हिरवा दिवा लागला ना, मला वाटलं मीच उडतेय."

गॉर्डनने टोपी काढली. मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटला. मग नीट, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाई, मी मूर्खासारखं बोललो होतो. माझ्याही गाडीचं काम आहे. सत्तर सालची, चादरीखाली पडून आहे. बघाल?"

"बघेन," हर्लिंडा म्हणाली. "पण जवळ बसून शिकायचं. काळी जादू म्हणायचं नाही."

खाली उतरायला तासभर लागला. पायथ्याशी आल्यावर चायोने घराच्या रस्त्याकडे बोट दाखवलं. बीन्स भिजवलेल्या होत्या, त्या शिजायला टाकायच्या होत्या. ऊन अजून रटरटत होतं. हर्लिंडाने बहिणीकडे पाहिलं, चायोने तिच्याकडे पाहिलं.

"बीन्स कुठे पळून जात नाहीत," चायो म्हणाली आणि पट्टा घट्ट केला.

हर्लिंडाने गाडी वळवली आणि पुन्हा डोंगराच्या दिशेने सोडली.